कापसावरचा फोन

फोनवर बोलणारी माणसं जगात कोट्यवधी असतील, पण पाय धुऊन, पुसून, डोंगर चढून फोनवर बोलणारा माणूस आजवर एकच झाला आणि तो माझा साडभाऊ आहे. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पुण्याकडं नुसतं साडू म्हणून मोकळे होतात. आम्ही वऱ्हाडातली माणसं त्याला भाऊ जोडतो, कारण एकाच घरच्या दोन मुली करण्याचं धाडस दोघांनी केलेलं असतं आणि त्या धाडसातून जे बंधुत्व तयार होतं, ते सख्ख्या भावांतही नसतं. आमचे साडभाऊ अंगानं तुराटीसारखे आणि आवाजानं जिनिंगच्या भोंग्यासारखे. त्या अंगातून तो आवाज नेमका कुठून निघतो, हे मी तीस वर्षं पाहतो आहे, मला काही सापडलेलं नाही. त्यांचं गाव आर्णीपासून दोन-अडीच कोसांवर, एका टेकडीच्या मागं दडून बसलेलं. असं दडलेलं, की एस.टी. त्याला वळसा घालून जाते आणि पाऊससुद्धा बहुतेक वेळा टेकडीच्या अलीकडंच पडून परत फिरतो.

अशा गावात फोन आला. त्या वर्षी सरकारनं योजना काढली होती: ज्याच्याकडं पिवळं रेशनकार्ड, त्याला घरी फोन. डिपॉझिट नाही, खांब नाही, वायर नाही. आलेला फोन फुकट आणि आपण केलेला जवळजवळ फुकट. ग्रामसभेत ही गोष्ट वाचून दाखवली तेव्हा सगळं गाव खाली मान घालून बसलं. सरकार काही फुकट देऊन राह्यलं म्हणजे त्यात काही तरी भानगड असणारच, असा आमच्याकडं सर्वसाधारण समज आहे. हात वर केला तो एकट्या साडभाऊंनी. त्याला कारण होतं. त्यांची एकुलती एक मुलगी शालू त्याच उन्हाळ्यात लग्न होऊन सुरतेला गेली होती. जावई तिथं कापडाच्या गिरणीत कामाला. साडभाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आपला कापूस जाते थ्याच गावाले पोरगी गेली. पण कापूस काई तिकडून बोलत नाई ना."

दोघे फोनवाले खोकं घेऊन आले, तेव्हा साडभाऊंनी त्यांना आधी गुळाचा चहा पाजला आणि मग फॉर्म हातात घेतला. फॉर्मवरची बारीक अक्षरं वाचणारा भारतातला हा पहिला आणि बहुधा शेवटचा माणूस. चष्मा तीन वेळा पुसून त्यांनी ती वाचली. त्यात एके ठिकाणी लिहिलं होतं, की सदर संच दिलेल्या पत्त्याबाहेर नेण्यात येऊ नये. साडभाऊ उठले, त्या दोघांना दाराशी घेऊन गेले, चौकटीवर ठोकलेला ग्रामपंचायतीचा घर क्रमांकाचा पत्रा दाखवला आणि विचारलं, "पत्ता म्हंजे हाच ना?" ते दोघं घाईत होते, हाच म्हणाले. ही गोष्ट आपण विसरू नये, कारण साडभाऊ ती विसरले नव्हते.

त्या दोघांनी जाताना छपराच्या टिनांवर बांबू बांधून त्यावर अँटेना चढवून दिला. तो दीड दिवस टिकला. दुसऱ्या दिवशी दुपारी टेकडीवरून वानरं उतरली आणि त्यांच्यातला एक दांडगा तो उपटून घेऊन गेला. ती टोळी अजूनही टेकडीवर एकमेकांशी बोलते आणि तिचं बिल कुणाच्या नावावर जातं कोण जाणे, अशी साडभाऊंना कित्येक महिने काळजी होती. मग उरला संचाच्या पाठीवरचा बोटभर अँटेना. तो घेऊन साडभाऊंनी घराचा कोपरा न् कोपरा पालथा घातला. चुलीपाशी पाहिलं, न्हाणीत पाहिलं, गोठ्यात बैलांच्या मधोमध उभं राहून पाहिलं. संचाच्या पडद्यावर रेंजची एक कांडी उठेना. पावसाळा गेला, पोळा गेला, दसरा गेला. फोन कोनाड्यात बसून राहिला, आणि साडभाऊ रोज त्याच्यावरची धूळ पुसत राहिले.

मग कापूस घरात आला. त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता. आज येईल, उद्या येईल म्हणून अख्ख्या जिल्ह्यानं कापूस घराघरांत भरून ठेवला होता. माणसं ओसरीत आणि कापूस पलंगावर, असे ते दिवस. पाहुणा आला तर त्याला बसायला जागा कापसाला विचारून द्यावी लागे. साडभाऊंची मधली खोली केवढीशी, तीन-चार वेचण्यांत ती टिनांच्या हातभर खालपर्यंत भरली. कोनाडासुद्धा झाकला गेला, म्हणून ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीबाईंनी, फोन उचलून गंजीच्या अगदी वर टाकून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास त्या गंजीतून एक आवाज आला. ताईंना वाटलं साप. साडभाऊ काठी घेऊन धावले. वर चढून पाहतात तो फोन वाजत होता आणि त्यातून शालू रडत होती. चार महिने ती दर रविवारी बूथवर जाऊन नंबर लावत होती. चार महिने तिकडं नुसती घंटी जात होती आणि इकडं कुणी उचलत नव्हतं. माहेरच्यांनी आपल्याला टाकलं, इथवर तिच्या मनात येऊन गेलं होतं.

त्या दिवशी साडभाऊंनी दोन गोष्टी ठरवल्या. पहिली, हा फोन यापुढं वाजेल आणि उचलला जाणार नाही, असं कधी होणार नाही. दुसरी, कापूस रेंज खेचतो.

या दुसऱ्या गोष्टीवर मी त्यांच्याशी जेवढा वाद घातला, तेवढा मी यवतमाळच्या कचेरीत सबंध नोकरीत घातला नाही. मी त्यांना समजावून सांगितलं, की गंजीच्या वर, भिंतीत अगदी आढ्याजवळ, धूर जायला ठेवलेलं एक भोक आहे. ते नेमकं आर्णीच्या टॉवरच्या दिशेला आहे. तेवढ्या उंचीवर तिथून रेंज आत येते. कापसाचा काही संबंध नाही. साडभाऊंनी सगळं शांतपणे ऐकलं. मग त्यांनी मला त्यांचे प्रयोग सांगितले. फोन तुरीच्या पोत्यावर ठेवून पाहिला, एक कांडी. सोयाबीनवर ठेवला, नुसती खरखर. कापसावर ठेवला, तीन. तुरीचं पोतं किती उंच होतं, असं मी विचारलं. ते म्हणाले, "तुमचं शिक्षन मोठं हाये साडभाऊ, पन तुमच्या घरी फोन वायरचा हाये." माझ्या घरचा फोन खरोखरच वायरचा होता.

आता फोन कापसावर म्हटल्यावर त्याचे नियम आले. कापसाला मळ लागला तर प्रत उतरते, म्हणून वर चढणाऱ्यानं पाय धुतलेच पाहिजेत. ओसरीच्या टोकाला बादली, तांब्या आणि एक जाडाभरडा टॉवेल कायमचा ठेवलेला. गावात दुसरा फोन नव्हता, त्यामुळं ज्याचे कुणी पुण्याला, नागपुराला, हैदराबादेला, तो साडभाऊंकडंच यायचा. आधी पाय धुवायचे, मग पुसायचे, मग साडभाऊ बोटांच्या बेचक्या तपासायचे, आणि मगच वर जायची परवानगी. दोन महिन्यांत त्या गावासारखे स्वच्छ पाय यवतमाळ जिल्ह्यात दुसरीकडं उरले नव्हते. गावचे मास्तर टाचांना भेगा पडलेल्या होत्या म्हणून तीन वेळा परत पाठवले गेले. शेवटी त्यांनी आठवडाभर एरंडेल लावलं, तेव्हा कुठं त्यांना भावाशी बोलता आलं. वर गेलेल्या माणसानंही हात हलवून बोलायचं नाही, नाहीतर कापूस खाली खचतो. शेजारच्या एका गृहस्थाला सासूबाई महिनाभर राहायला येत असल्याची बातमी त्या गंजीवर मिळाली. बातमी ऐकता ऐकता तो हळूहळू खाली जात गळ्यापर्यंत कापसात बुडाला आणि बोलणं संपल्यावरही बाहेर यायला तयार होईना.

स्वतः साडभाऊ तर बनियनवर फोन कधीच घेत नसत. फोन वाजला, की पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्यावर टोपी, पाय धुणं, आणि मग चढाई. सरकारनं दिलेल्या वस्तूपुढं उघड्या अंगानं कसं बसावं, हा त्यांचा प्रश्न. एवढं होईतो पलीकडच्यानं ठेवून दिलेला असे. पण साडभाऊंशी बोलणाऱ्यांना ते ठाऊक झालं होतं. सगळे एकदा वाजवून ठेवत, चहा घेत आणि पुन्हा लावत.

आणि बोलणं. साडभाऊंचं असं पक्कं मत होतं, की गाव जेवढं दूर तेवढा आवाज मोठा पाहिजे. बाकीचं काम फोन करतो, पण सुरुवात आपण करून द्यावी लागते. आर्णीला ते साध्या आवाजात बोलत. यवतमाळ म्हटलं की गळ्याच्या शिरा फुगत. एकदा त्यांनी माझ्या कचेरीत फोन करून विचारलं, की या साली हळद किती वेळ शिजवायची. मी अजून तोंड उघडलं नव्हतं, तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून आमच्या बड्या बाबूंनी उत्तर दिलं. सुरतेसाठी तर ते आधी दोन श्वास घेत. "शालूऽऽ" अशी पहिली हाक गेली, की गोठ्यातले बैल उठून उभे राहत आणि नाल्यापलीकडच्या वावरातली माणसं आपापसात सांगत, रविवार हाये आज, दहा वाजले.

असा तो हिवाळा चालला होता. मग संक्रांतीनंतर शालूला दिवस भरत आले. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून इकडं सगळी तयारी होती, पण सुरतेच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पोरीचं बीपी वाढलं आहे, गाडीत बसवायची नाही. तेव्हा ताईच सुरतेला जायला निघाल्या. सव्वा महिन्यानं लेक आणि लेकरू दोघांना घेऊन परत यायचं ठरलं. जाताना त्यांनी साडभाऊंना दोन कामं सांगितली. "मी लेकराले घिऊन यीन तवा घरात कापसाचं बोंडूक दिसलं नाई पायजे. लेकराच्या नाकातोंडात जाते थो. आन् तिकडून फोन आला तं उचलजा."

सांगायला दोन वाक्यं. पण ती दोन कामं एकमेकांच्या छातीवर बसलेली आहेत, हे ताई गेल्यावर साडभाऊंच्या लक्षात आलं. कापूस गेला, की फोन मुका. आणि कापूस लवकर जाणं भाग होतं, कारण आर्णीचं सरकारी खरेदी केंद्र त्या शनिवारी बंद व्हायचं होतं. पुन्हा कधी उघडेल, ते कुणी सांगू शकत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी शालूला तारीख दिली होती, तीही शुक्रवार-शनिवारचीच.

भाऊजी एकटे आहेत, तुम्ही जा, असा घरून हुकूम झाला, म्हणून मी शुक्रवारी सकाळी तिथं पोहोचलो. साडभाऊ गंजीवर बसले होते. मला पाहून त्यांनी आरोळी दिली नाही, तेव्हाच मी समजलो. पाय धुऊन मीही वर गेलो. त्यांनी फोनवरची धूळ पुसली. मग म्हणाले, "साडभाऊ, कापूस ठेवला तं लेकरू कुठं ठेवू? आन् कापूस नेला तं लेकरू झालं हे मले सांगन कोन?"

मी शिकलेला माणूस. मी म्हटलं, भाऊ, हा प्रश्नच नाही. शेजारून बांबूची शिडी आणली, गंजीला लागून भिंतीशी उभी केली, तिच्या वरच्या पायरीवर फोन बांधला. तीन कांड्या उठल्या. मी खाली उतरून विजयी मुद्रेनं हात झटकले. साडभाऊंनी गंजीकडं पाहिलं, शिडीकडं पाहिलं आणि म्हणाले, "बाजूलेच हाये ना कापूस. त्याची हवा लागते." मी म्हटलं, मग कापूस नेल्यावर बघा. ते म्हणाले, "आन् नाई आली तं?" या माणसाशी बोलण्यात अर्थ नव्हता. मी दुसरी तोड काढली. म्हटलं, ताई आमच्या यवतमाळच्या फोनवरही कळवतीलच. उद्या नाही तर परवा तुम्हाला निरोप येईल.

"निरोप यीन," साडभाऊ म्हणाले. "पन थे पयले इकडं लावन. घंटी जाईन. चार महिने गेलती तशीच जाईन. थ्या वक्ताले पोरगी एकटी होती साडभाऊ. आता तसं होऊ द्याचं नाई मले."

शिडी मी शेजारी परत देऊन आलो. शुक्रवार गेला, फोन वाजला नाही.

शनिवारी उजाडताना खडखड ऐकून मी जागा झालो. अंगणात बैलबंडी जुंपायला काढलेली, आणि साडभाऊ हातात पक्कड घेऊन दाराच्या चौकटीवरचा घर क्रमांकाचा पत्रा उपटत होते. मला वाटलं, काळजीनं माणसाचं डोकं फिरलं. त्यांनी तो पत्रा फडक्यानं पुसला, बंडीच्या पुढच्या आडव्या दांड्याला तारेनं घट्ट बांधला आणि मागं सरून पाहिला. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "फोन कापसावर रायते. कापूस आर्नीले चालला. मंग फोन बी चालला." मी फॉर्मवरच्या अटीची आठवण दिली. त्यांनी पत्र्याकडं बोट केलं. "पत्ता तोच हाये."

सगळं गाव मदतीला आलं. पाय धुऊन आलं, हे सांगायला नकोच. दीड तासात मधली खोली रिकामी झाली आणि बंडीवर दुसरी गंजी उभी राहिली. तिच्यावर पाट, पाटावर फोन, शेजारी पूर्ण बाह्यांचा सदरा आणि टोपी घालून साडभाऊ, त्यांचे धुतलेले पाय खाली लोंबताहेत. त्या संचाला लोडशेडिंगसाठी आत बॅटरी होती, ती रात्रभर भरून घेतलेली. बंडी मी हाकली असं मी पुढं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे बैलांनी मला आर्णीला नेलं. टेकडीच्या चढावर बंडी लागली तशी वरून घोषणा सुरू झाली. "एक कांडी… दोन… साडभाऊ, दोन झाल्या." माथ्यावर चार कांड्या झाल्या, आणि साडभाऊ खाली वाकून मला म्हणाले, "पाह्यलं? कापसाले वारा लागला." समोर, सपाटीवर, आर्णीचा टॉवर ताडासारखा उभा दिसत होता. मी कासरा हलवला.

केंद्रावर शंभर-दीडशे बंड्यांची रांग. शेवटचा दिवस. कंटाळलेल्या रांगेला आमच्यासारखी बंडी म्हणजे आयतीच करमणूक झाली. एकानं विचारलं, "काकाजी, घराचा नंबर घिऊन आले, दार कुठं ठेवलं?" साडभाऊ वरूनच म्हणाले, "दार मांगून येऊन राह्यलं." दुसऱ्यानं विचारलं, सुरत-मुंबई लागते का याच्यावर, मला जरा लावून द्या. एरवी हा माणूस गावात कुणाला नाही म्हणाला नव्हता. त्या दिवशी मात्र त्यांनी हात जोडले. आज लाइन मोकळी ठेवायची आहे, पोरगी दवाखान्यात आहे. एवढं कळल्यावर पुढचे विनोद थांबले. चहावाला दर फेरीला वर मान करून पाहायचा. मागचा बंडीवाला आपला नंबर पुढं सरकला, की आधी आमचे बैल पुढं घ्यायचा, मग आपले.

दुपार उलटली. आमची बंडी वजनकाट्यासमोर आली. कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर पुढं झाला, गंजीत कोपरापर्यंत हात घालून त्यानं आतला मूठभर कापूस काढला आणि चिमटीत धागा ओढून पाहू लागला. साडभाऊंना त्यानं खाली उतरायची खूण केली. साडभाऊंनी एक पाय खाली सोडला आणि फोन वाजला.

ते तसेच थांबले. पाय वर घेतला. टोपी सरळ केली. सदऱ्याचं वरचं बटण लावलं. अख्खी रांग वर बघत होती. नुसत्या बैलांच्या घुंगरांचा आवाज. मी मनातल्या मनात कान झाकून घेतले, कारण आता सुरतेची हाक येणार आणि दोन-तीनशे बैल बंड्यांसकट उधळणार, हे मला ठाऊक होतं. साडभाऊंनी दोन श्वास घेतले, रिसीव्हर कानाला लावला, आणि इतक्या हळू बोलले, की मी चाकापाशी उभा असूनही मला ऐकू आलं नाही. ओठ तेवढे होकारानं हलताना दिसले. हाव. हाव. दोघी? हाव. मग ते नुसते ऐकत राहिले. ग्रेडर चिमटीतला कापूस तसाच धरून उभा.

पुष्कळ वेळानं त्यांनी रिसीव्हर ठेवला. खाली इतकी माणसं आपल्याकडं पाहताहेत, हे त्यांना तेव्हाच दिसलं असावं.

"नात झाली," ते म्हणाले. "दोघी बऱ्या हायेत."

ग्रेडरनं हातातला कापूस परत गंजीवर ठेवला, टाकला नाही, ठेवला, आणि म्हणाला, "कापूस कोरडा आहे काकाजी. उतरा, सावकाश उतरा." चहावाल्यानं साखरेचा डबाच आणला आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या हातावर चिमूट-चिमूट ठेवत शेवटपर्यंत गेला.

परतताना बंडी रिकामी. साडभाऊ माझ्या शेजारी बसले होते, फोन मांडीवर. मला राहवेना. मी विचारलं, भाऊ, आज आवाज कुठं गेला होता? तेवढ्या दूर सुरत, आणि तुम्ही तर पुटपुटलात. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की एवढंही कळू नये का माणसाला.

"लेकरू निजलं होतं ना तिथं," ते म्हणाले. "जागं झालं असतं."

मग मी विषय बदलला. म्हटलं, भाऊ, आता एक गोष्ट कबूल करा. बंडीत कापसाचा एक धागा नाही आणि कांड्या बघा, चारच्या चार. टॉवर अजून पाठीशीच होता. साडभाऊंनी पडदा पाहिला. बंडीचा तळ पाहिला. टेकडीचा चढ लागेपर्यंत ते विचार करत होते. शेवटी म्हणाले, "चार महिने कापसावर राह्यला थो. आंगात भिनला असन."

पण मनातून त्यांना खात्री नसावी. कारण घरी आल्यावर त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याची गाठ सोडली, तर आत दोन ओंजळी कापूस होता. काट्यावर जायच्या आधी काढून ठेवलेला. घराचा पत्रा त्यांनी परत चौकटीवर ठोकला, जरा तिरपाच, तो अजून तसाच आहे. कापसातली सरकी त्यांनी स्वतः बसून काढली आणि सव्वा महिन्यानं ताई, शालू आणि नात आल्या तोवर दोन इवल्याशा उशा तयार होत्या. एक नातीच्या पाळण्यात गेली. दुसरी फोनखाली. उशीवर ठेवलेला फोन पुढं वर्षभर कधी लागायचा, कधी नाही. लागला की उशीमुळं. नाही लागला की उशीला ऊन दाखवायचं राहिलं म्हणून. मग टेकडीवरच नवा टॉवर आला, गावात पोरासोरांच्या हातात मोबाईल आले आणि ती योजना बंद झाली. फोनवाले संच परत न्यायला आले, तेव्हा साडभाऊंनी त्यांना गुळाचा चहा पाजला, संच पुसून दिला, पावती घेतली. उशी मात्र दिली नाही. ती फॉर्मात लिहिलेली नव्हती.

आता गावात कुणी फोनसाठी पाय धूत नाही. माणसं चालता चालता बोलतात, जेवता जेवता बोलतात, आणि काय बोललो ते ठेवल्याबरोबर विसरतात. साडभाऊंना कानांनी दगा दिला. ज्या माणसाच्या आवाजानं बैल उठायचे, त्याच्याशी बोलताना आता आपल्यालाच गळ्याच्या शिरा फुगवाव्या लागतात. नात कॉलेजात आहे; ती सुरतेहून मोबाईलवर चेहरा दाखवते, साडभाऊ टोपी घालून तिच्याकडं नुसते पाहतात, हसतात, आणि तिला जाग येऊ नये अशा आवाजात काही तरी म्हणतात.

मागच्या दिवाळीत मी भेटायला गेलो होतो. निघताना त्यांनी माझ्या पिशवीत ती उशी कोंबली. मी म्हटलं, भाऊ, हे काय. ते म्हणाले, "मले आता आयकू येत नाई. तुमची पोरगी दूर गेली म्हंते, तिकडं समुद्रापलीकडं. तुमाले कामात यीन."

मी शिकलेला माणूस आहे. उशीनं रेंज येत नाही, हे मी त्यांना इतकी वर्षं सांगत आलो आणि आजही सांगेन. आज रविवार आहे. दहा वाजून गेले आहेत. मोबाईल उशीवर ठेवला आहे, कांड्या चारच्या चार दिसताहेत, अजून वाजलेला नाही. मी पाय धुऊन बसलो आहे.